जवस

मे महिन्यात आश्रमशाळेत पोरं नसतात.
तिथं आम्हाला बारा दिवस ठेवलं, सहा माजी सैनिकांना,
कारंज्याच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत,
जिथं एसटी एकदाच येते, तीही मनात आलं तर.
लोखंडी खाटा पोरांच्या मापाच्या. पाय बाहेर राहत.
माझ्या खाटेच्या पट्टीवर खिळ्यानं कोरलेलं:
सुखदेव टेकाम, सातवी ब, घरी जायचं.

हुमेरा बाई नागपूरच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
डोळे मिटा आणि सांगा. वर्तमानकाळात.
मी म्हटलं, मॅडम, अकरा वर्षं झाली त्याला.
त्यांनी विचारलं, तुम्हाला झाली का?

मग सांगत गेलो. सकाळी एकदा, दुपारी एकदा,
रात्री माझाच आवाज कानात घालून पुन्हा.
गाडी चालली आहे. रस्ता ओला आहे. झोडापे पुढे बसला आहे.
मध्येच थांबवून बाई विचारत, शंभरातले किती?
जिनिंगच्या काट्यावर कापसाची गाडी लावल्यासारखं.
पंच्याण्णव. पंच्याण्णव. शंभर.
पाणी.

तिसऱ्या दिवशी पिशवी भरून फाट्यापर्यंत गेलो.
डांबराला चप्पल चिकटत होती.
एसटी आलीच नाही.
म्हणून परतलो. याला मी निर्धार म्हणत नाही.

स्वयंपाकाला गावातली कौसल्याबाई.
ताटात भाकर टाकता टाकता म्हणाली,
काहून रडता जी रातभर?
पोट्टे बी रडते पयल्या हप्त्यात. मंग राह्यते.

सातव्या दिवशी गाडीत एक डबी दिसली.
अकरा वर्षं ती तिथं नव्हती.
झोडापेच्या आईनं गोंदियाहून पाठवलेली जवसाची चटणी.
झाकण माझ्या हातात आहे.
तो मागे वळला आहे, हात लांब केला आहे,
दे ना बे, म्हणतो आहे.
मी देत नाही. मी हसतो आहे.

पंखा कटकट करत होता.
बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, पुन्हा. झाकणापासून.

शेवटच्या दिवशी आकडा बत्तीस.
आमच्या वेळी पस्तीसला पास होत, मी म्हटलं.
बाई हसल्या. नापासच राहा.
दोष कमी झाला का, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
तो तेवढाच आहे. फक्त आता त्याला एक तारीख आहे,
रोजची नाही.

घरचा अभ्यास कागदावर लिहून दिलाय.
जवस भाजताना जवळ बसणे. रोज पाऊण तास.
वच्छलानं कागद वाचला, मला पाहिलं, पुन्हा कागद.
पाऊण तास कोणी जवस भाजते का? कोळसा होईन त्याचा.

तव्यावर जवस कसा फुटतो, हे सांगून कळत नाही.
बारीक, टेकडीआडून आल्यासारखा,
आधी एक, मग दोन, मग सगळे मिळून.
लष्करातून आलो त्या वर्षी मी तवाच अंगणात फेकला होता.
नंतर घरात जवस आलाच नाही,
तिनं कधी विचारलंही नाही का.

आता मूठभर भाजते, उतरवते, दुसरी मूठ टाकते.
मी दाराजवळ, भिंतीला पाठ लावून.
सत्तर. साठ. काल परत ऐंशी,
ढोबळ्यांच्या पोरीच्या लग्नात फटाके होते.
गल्लीत घरोघरी आमची चटणी पोचली आहे,
लोकांना वाटतं आम्ही धंदा काढला.

झोडापेच्या आईला फोन केलेला नाही.
नंबर वहीत आहे.
त्याच पानावर रात्री लिहिलं,
झाकण माझ्या हातात होतं.
वच्छलाचं बोट त्या 'होतं'पाशी थांबलं.
ती काही बोलली नाही. उठली,
वाटीत चिमूटभर चटणी आणली,
मीठ पाहा बरं, म्हणाली.

मी जिभेवर ठेवली.
कमी आहे, म्हटलं.
थोडं कमी आहे मीठ.